समुद्र न पाहिलेला सरडा

सरड्याचा तो जबडा तांदळाच्या दाण्याहून जेमतेम लांब होता आणि नागपूरच्या पुराजीव प्रयोगशाळेतली सगळी शहाणी माणसं त्याच्याभोवती श्वास रोखून उभी होती. श्वास रोखण्यामागे कसलंही शास्त्रीय कारण नव्हतं. आदल्या महिन्यात कुणाच्या तरी शिंकेने असाच एक जबडा टेबलावरून उडाला होता आणि तो सापडेपर्यंत अख्खी प्रयोगशाळा गुडघ्यांवर रांगत होती.

हा जबडा सापडला होता चंद्रपूरच्या पलीकडे, दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये चिणून राहिलेल्या एका जुन्या तळ्याच्या गाळात. वय साडेसहा कोटी वर्षं. त्या काळी भारत हे भर समुद्रातून उत्तरेकडे सरकणारं एक प्रचंड बेट होतं. मादागास्कर कधीच मागे पडलं होतं आणि आशिया अजून पुष्कळ दूर होता. अशा एकट्या बेटावर सरडे आले कुठून, हा प्रश्न डॉ. केतकी भोयर यांनी उमेदीच्या वयात हाती घेतला होता. आता त्यांनी वयाची बावन्न वर्षं ओलांडली होती आणि उत्तर कधी नव्हे इतकं जवळ आलं होतं.

खोलीतल्या एकमेव आरामखुर्चीत डॉ. मनोहर पिंपळापुरे बसले होते. ते केतकीचे गुरू. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण कुणीही न बोलावता येण्याचा आणि आल्यावर खुसपट काढण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. आपल्याकडचे सरडे मूळचे इथलेच, भारत इतर खंडांना चिकटलेला होता तेव्हापासूनचे, असं त्यांनी आयुष्यभर मांडलं होतं. ओंडक्यावर बसून समुद्र ओलांडणारा सरडा ही त्यांच्या मते लहान मुलांना सांगायची गोष्ट होती. एखादा चुकून पोचलाच तरी एकटा येणार आणि एकटाच मरणार. त्याने वंश वाढत नाही.

केतकीने सगळ्यांसाठी, म्हणजे खरं तर सरांसाठी, आपल्या दात वाचणाऱ्या यंत्राचं तत्त्व पुन्हा एकदा सांगितलं. पाणी ज्या खडकातून झिरपतं त्याची खूण ते सोबत घेऊन येतं. काळ्या लाव्हाच्या प्रदेशातल्या पाण्याची खूण वेगळी, जुन्या ग्रॅनाइटमधल्या पाण्याची वेगळी, समुद्राच्या खाऱ्या पाण्याची आणखी वेगळी. प्राणी ते पाणी पितो, त्या पाण्यावर वाढलेलं खातो आणि त्या काळात त्याचा जो दात तयार होतो त्यात ती खूण कायमची बंद होते. तिला केतकीने नाव दिलं होतं जलमुद्रा. ती वाचणारं यंत्र म्हणजे मुद्रावाचक. त्याचा किरण केसाहून बारीक असे आणि दाताला इजाही करत नसे.

"आता सरड्यांचं बघा," ती म्हणाली. "आपले दुधाचे दात पडतात. या कुळातल्या सरड्यांचे दात जबड्याच्या हाडालाच जोडलेले असतात, ते पडत नाहीत. जबडा वाढतो तसा मागे नवा दात येतो. म्हणजे सगळ्यात पुढचा दात जन्माच्या वेळचा आणि सगळ्यात मागचा मरणाच्या आधीचा. पुढून मागे वाचत गेलं की जनावराचा सगळा जन्म वाचून होतो."

तिने तो जन्म वाचून दाखवला. पुढच्या तीन दातांवर मादागास्करच्या खडकांची जलमुद्रा होती. चौथ्यापासून शेवटपर्यंत दख्खनचा लाव्हा. जन्म तिकडे, मरण इकडे. खोलीत टाळ्या पडल्या. ही खूण इथल्याच बस्तरच्या ग्रॅनाइटची नसेल कशावरून, अशी शंका पिंपळापुरे सरांनी काढली, ती केतकीने आकडे दाखवून फेडली. मग सर थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

"समुद्र कुठाय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"एवढा समुद्र ओलांडला. ओंडक्यावर महिनाभर तरी बसला असेल ना बापा. लाटांचं पाणी अंगावर, तोंडात. मग तिसऱ्या आणि चौथ्या दाताच्या मध्ये समुद्राची खूण पाहिजे. मले तर दिसून नाही राहिली."

उत्तर केतकीकडे तयार होतं. ओंडक्यावर खायला काही नाही. उपाशी जनावराची वाढ थांबते, वाढ थांबली की नवा दात येत नाही. म्हणून प्रवासाची नोंदच नाही. उत्तर चांगलं होतं, छापूनही आलं आणि जगातल्या झाडून सगळ्या तज्ज्ञांनी ते मान्य केलं. पिंपळापुरे सर तेवढे "बरं" म्हणाले. त्यांच्या 'बरं'चा अर्थ केतकीला चांगला ठाऊक होता.

सरड्याला वर्तमानपत्रांनी 'दर्यावर्दी' हे नाव दिलं. पुढच्या सात-आठ वर्षांत त्याचं चित्र टपाल तिकिटावर आलं, शाळेच्या पुस्तकात आलं. ओंडक्यावर ऐटीत बसलेला, डोळे क्षितिजाकडे लावलेला सरडा. केतकीला ते चित्र मनापासून आवडायचं. तिने ते आपल्या खोलीत लावलं होतं.

याच सुमारास कोसरी नदीवरच्या मोठ्या जलाशयाचं काम संपत आलं होतं. खोऱ्यातली गावं पाण्याखाली जाणार होती आणि त्या बदल्यात वर माळावर नवं शहर उभं राहिलं होतं. घरं पक्की, शेताला पाणी, पोरांना शाळा. कायदा साधा होता: खोऱ्यात जन्मलेल्याला घर. पण घरांची बातमी फुटली तसे खोऱ्यात जन्मलेले लोक दिवसेंदिवस वाढू लागले. दाखला मागायची सोय उरली नव्हती. एव्हाना यंत्रं इतके हुबेहूब दाखले बनवत की त्यांच्यापुढे खरेच खोटे वाटायचे. तेव्हा पुनर्वसन प्राधिकरणाचे आयुक्त हेमंत दाबके केतकीला भेटायला आले. दाबके सरळ माणूस होता. चहाही स्वतःच्या थर्मासमधला प्यायचा.

त्याने विचारलं की सरड्याचा जन्म कळतो तर माणसाचा कळेल का. केतकी म्हणाली, सोपं आहे. माणसाच्या पहिल्या दाढेचं टोक जन्माच्या आगेमागेच तयार होतं. त्या टोकावर किरण धरला की जन्माचं पाणी कळेल. दाबके म्हणाला, दात खोटं बोलत नाही ना? ती म्हणाली, दाताला खोटं बोलता येत नाही. तिने यंत्र दिलं, चाचणीवर सही दिली आणि पुढच्या गाळाकडे वळली. चाचणीबद्दल तिला रतिमात्र शंका नव्हती. यंत्राची पारख तिने प्रयोगशाळेतल्या बागसरड्यांवर किती वेळा केली होती. अंड्यातून निघालेलं पिल्लू उचलायचं, दुसऱ्या पाण्यावर वाढवायचं, मोठं झालं की दात वाचायचे. यंत्र दरवेळी अचूक सांगायचं: जन्म नागपूरच्या नळाचा, वाढ दुसऱ्या पाण्याची.

खोऱ्यातल्या बोरडा गावाचा निकाल लागला आणि अख्खं गाव परकं निघालं.

गावच्या सरपंच विमल मडावी स्वतःची गाडी करून नागपूरला आल्या. पन्नाशीच्या, उंच, आवाज न चढवणाऱ्या. गाव रिकामं करायला पंधरा दिवस उरले होते आणि बोरड्याच्या एकाही माणसाला घर मिळालेलं नव्हतं. म्हाताऱ्यांना नाही, कडेवरच्या पोराच्या बापालाही नाही. पाणी भरलं की सगळे उघड्यावर. प्राधिकरणाने तर हे गाव म्हणजे बाहेरून येऊन वसलेली टोळी आहे, असंच धरलं होतं.

"माझ्या आज्याच्या आज्याच्या नावाची शिळा त्या गावात उभी आहे मॅडम," विमलताई म्हणाल्या. "तुमच्या मशीननं मले काय सांगितलं, तर मी आलापल्लीकडची. आलापल्लीले माझ्या मायचं माहेर आहे. माझा भाऊ तिकडचा, माझी बहीण तिकडची. शेजारच्याची माय सिरोंच्याची, तर ते सारे सिरोंच्याचे. तुमची मशीन आम्हाले पाहून राहिली का आमच्या मायले?"

केतकीने विचारलं, गावातल्या कुणाचीच आई गावातली नाही का. विमलताईंनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. अख्खं गाव सात देवाचं, एकाच कुळीचं, त्या म्हणाल्या, सात देवाची पोरगी सात देवाच्या घरी देत नाहीत. सगळे भाऊ-बहीण लागतात. सून येते ती बाहेरूनच.

त्या गेल्यावर केतकीने दाबकेला फोन लावला. दाबकेने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याहून शांतपणे उत्तर दिलं. हे कोडंच नाही, तो म्हणाला. आपल्याकडे बाळंतपण माहेरी करतात. बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते, मूल तिथे होतं, तीन-चार महिन्यांचं झालं की परत येते. म्हणजे यंत्र बरोबर सांगतंय. ही माणसं जन्मली आईच्या गावी आणि कायदा म्हणतो, खोऱ्यात जन्मलेल्यालाच घर. केतकी म्हणाली, माहेरी होतं ते पहिलं बाळंतपण, धाकटी भावंडं तर गावातल्याच दवाखान्यात झाली असं लोक सांगतात. "सांगणारच," दाबके म्हणाला. सांगण्यावर विश्वास ठेवता आला असता तर दात कशाला वाचले असते. शुक्रवारी सुनावणी होती. काही पुरावा असला तर तिथे आणावा.

फोन ठेवल्यावर केतकी पिंजऱ्यांच्या खोलीत जाऊन बसली. काचेपलीकडे बागसरडे डोकी वरखाली करत होते. ते तिथेच जन्मलेले, त्यांच्या आया तिथेच जन्मलेल्या, आज्याही तिथल्याच. सगळ्यांनी एकाच नळाचं पाणी प्यायलेलं. जन्माचं पाणी आणि आईचं पाणी वेगळं करायची वेळ त्या पिंजऱ्यात कधी आलीच नव्हती. तिची पारख अचूक ठरली, कारण प्रयोगशाळेतल्या सरड्यांना माहेर नसतं. हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली.

अंड्यातलं पिल्लू पाणी पीत नाही. त्याचे पहिले दात अंड्यातच तयार होतात, बलकातून. बलक आईच्या अंगातून येतो आणि त्यातलं चुन्याचं सत्त्व आईच्या हाडांतून. माणसाचंही तेच. पोटातल्या लेकरासाठी आणि मग दुधासाठी आईची हाडं झिजतात, हे कुठलीही सुईण सांगेल. आणि आईची हाडं घडलेली असतात तिच्या माहेरच्या पाण्यावर. म्हणजे पहिल्या दाताच्या टोकावर जन्मगाव नसतं, तिथे आई असते.

पण हा तर्क झाला. दाबके म्हणणार, माहेरी जन्मल्याने तीच खूण पडेल. दोन्हींत फरक दाखवायचा तर असं माणूस हवं, ज्याची आई दुसरीकडची आहे आणि बाळंतपणाला माहेरी गेलेली नाही, हे नक्की ठाऊक आहे. सरड्यांवर नवा प्रयोग लावायला वेळ नव्हता. असं एक माणूस केतकीला माहीत होतं. ती उठली, मुद्रावाचकापुढे बसली आणि तिने तोंड उघडलं.

केतकीच्या आई इंदुमती मालवणजवळच्या एका वाडीतल्या. परिचारिकेचं शिक्षण घ्यायला नागपूरला आल्या आणि विश्राम भोयरांशी लग्न केलं. जात वेगळी. माहेरने त्यांचं नाव टाकलं ते कायमचं. केतकीचा जन्म नागपूरचा, वाढ नागपूरची. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि तोही ओरिसाचा.

निकाल वाचायला पिंपळापुरे सर होते. त्यांना कुणीही बोलावलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. दाढेच्या टोकावर कोकणचा जांभा होता आणि त्याच्यावर समुद्राची स्वच्छ, ठसठशीत खूण. त्यानंतर सगळं नागपूर.

"आठ वर्षं झाली मी विचारून राहिलो, समुद्र कुठाय," सर म्हणाले. "त्या सरड्यात नाही, तुझ्यात आहे."

सुनावणी प्राधिकरणाच्या सभागृहात झाली. बोरड्याची माणसं मागे भिंतीला टेकून उभी होती, कारण खुर्च्यांवर आधीच वकील बसले होते. केतकीने सगळं मांडलं. दाबकेने दोन प्रश्न विचारले. पहिला त्याने नाइलाजाने विचारला.

"टोकावर आई असते, हे मान्य केलं तर तुमच्या दर्यावर्दीचे पुढचे तीन दातही त्याच्या आईचे ठरतात. मग तो तिकडे जन्मलाच नाही. बरोबर?"

केतकीच्या डोळ्यांपुढे तिच्या खोलीतलं ते चित्र आलं. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"बरोबर," ती म्हणाली. "तो इथे जन्मला. त्याने समुद्र पाहिला नाही. माझं म्हणणं चुकलं होतं आणि तसं मी लिहून देणार आहे."

सभागृहात कुजबुज झाली. मग दुसरा प्रश्न. तिच्या आई गरोदरपणात माहेरी गेल्या नव्हत्या, याला आधार काय? केतकी म्हणाली, आई इथेच आहे, तिलाच विचारा. तिने घरी आईला तसं विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं जे सगळ्यांना ठाऊक होतं ते काय विचारायचं.

इंदुमतीबाई उभ्या राहिल्या. ऐंशीच्या घरातल्या, अजून ताठ. दाबकेने आदराने प्रश्न केला.

"गेले होते," त्या म्हणाल्या.

केतकीने झटकन आईकडे पाहिलं. मागच्या भिंतीशी विमलताई एकदम सरळ झाल्या.

"सातवा महिना होता. ह्यांना न सांगता गेले. वाटलं, पोट बघून तरी आईचं मन वितळेल. भाऊ बाहेर आला. अंगणातच उभं केलं मला. आई दारामागे होती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. पण दार उघडलं नाही." त्यांनी पदर सारखा केला. "दोन दिवसांच्या प्रवासाने आलेली बाई, साहेब. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. माझ्याजवळ नागपुरातून भरून आणलेली बाटली होती. तीच प्यायले आणि आलेल्या एसटीने परत फिरले."

दाबकेने पेन खाली ठेवलं. तो हिशोबी माणूस होता आणि हिशोब त्याच्या ध्यानात आला होता. माहेरच्या पाण्याचा थेंबही त्या वेळी पोटात गेला नव्हता आणि लेकीच्या दाढेवर मात्र ते उतरलं होतं. ते त्या बाईच्या हाडांखेरीज कुठून येणार होतं?

त्याच संध्याकाळी आदेश निघाला. टोक सोडून द्यायचं आणि मूल स्वतःच्या हाताने जेवायला लागल्यानंतरचा थर वाचायचा. जन्माचा शब्द कायद्यातून काढून तिथे वाढीचा घालायचा प्रस्ताव दाबकेने स्वतः पाठवला आणि तो मंजूर होईस्तोवर कुणालाही हलवायचं नाही, असं वर लिहिलं. नव्या वाचनात बोरडा सगळंच्या सगळं खोऱ्याचं निघालं. बनावट दाखल्यांवर आलेले बाहेरचे तेवढे वगळले गेले. जाताना विमलताईंनी इंदुमतीबाईंचे पाय धरले आणि केतकीला नुसता हात केला. केतकीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या घरी गेली, हार मान्य करायला. सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी तिला पुरतं बोलूच दिलं नाही.

"म्हणजे तो इथे जन्मला."

"हो."

"त्याची माय तिकडची."

"हो. अंडी तिच्या पोटात होती की ओंडक्याच्या ढोलीत घातलेली, ते दात सांगत नाहीत. पण अंडं पाणी पीत नाही, म्हणून समुद्राची खूण नाही. तुमची शंका बरोबर होती, सर. दर्यावर्दी वगैरे कुणी नव्हता."

"काहून नव्हता? तो नव्हता, ती होती म्हण ना." सरांनी पेपरची घडी केली. "अगं, तुझा एकटा सरडा आला असता, तर तो इथेच मेला असता आणि माझंच खरं झालं असतं. पण आली ती अंड्यांसकट आली. पिल्लं इथे जन्मली, इथलं पाणी पिऊन मोठी झाली. म्हणजे वंश समुद्र ओलांडूनच आला. जन्मभर मी नाही म्हणत आलो ते असं माझ्याच शंकेने खरं करून टाकलं." ते मनापासून हसले. "जा, नवं चित्र काढायला सांग त्यांना."

केतकी तिथून आईकडे गेली. तिने आईला सरड्याच्या आईची गोष्ट सांगितली, बलकाची, हाडांची आणि दाढेच्या टोकावरच्या समुद्राच्या खुणेची. इंदुमतीबाई मेथी निवडत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, ते पाणी कुठल्या विहिरीचं, हे तुझ्या यंत्राला कळतं का?

तेवढं कळत नाही, केतकी म्हणाली.

"परसातल्या विहिरीचं असणार," आई म्हणाली. "मे महिन्यात खारट व्हायचं ते. आम्ही तेच प्यायचो."